चिमटा काढून मिळवलेले शब्द

जगातल्या शंभरावर भाषांत आईला काय म्हणतात ते मला पाठ आहे. एवढ्या मोठ्या ज्ञानाचा मला आयुष्यात काडीइतका उपयोग झालेला नाही. भोरच्या बाजारात कुणी अरबी बोलत नाही, आणि वेल्ह्याकडच्या चढणी चढून कुणी जपानी माणूस आल्याचे मी ऐकलेले नाही. तरी झोपेतून उठवून विचारलेत तर सांगेन. इंग्रजीत मदर, फारशीत मादर, लॅटिनमध्ये मातेर, जर्मन लोकांत मुटर, अरबांत उम्म, तमिळ मुलखात अम्मा, चिन्यांत मा. शाळामास्तराच्या डोक्यात एकदा घोकलेले शिरले की ते चितेवरच उतरते.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'शिक्षकी पेशातील गोड आठवणी' मागितल्या आहेत. ज्यांनी शाळेत फक्त मार खाल्ला त्यांनाच शाळेच्या आठवणी गोड वाटतात. ज्याने तीस वर्षे मार दिला, त्याला विचारू नये. पण विचारलेच आहे, तर मास्तरकी सोडून तीन आठवडे मी शब्द गोळा करण्याचा धंदा केला, ते सांगतो. गोड किती ते संपादकांनी ठरवावे.

वीस सालानंतरची ती वर्षे. भोर संस्थानच्या नोकरीत मी होतो आणि मला पासलीच्या शाळेवर टाकले होते. शाळा म्हणजे देवळाची ओसरी. पावसाळ्यात तिथे मुलांपेक्षा शेळ्या जास्त असत आणि भातलावणीला शेळ्याच असत. मला त्या गावाचा वीट आला होता, हे कबूल करतो. पण वीट हे खरे कारण नव्हते. माझी आई भोरला एकटी होती. तिला घरात आम्ही सगळे अक्का म्हणायचो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि चूल पेटवताना ती हात भाजून घ्यायची. माझी बायको पहिल्या बाळंतपणातच गेलेली, त्यामुळे घरात दुसरे माणूस नव्हते. अक्का पासलीला यायला तयार नव्हती. डोळे गेले तरी भोरच्या घरातल्या भिंती हाताला ओळखीच्या आहेत, असे म्हणायची. मी तीन वर्षे बदलीचे अर्ज करत होतो आणि ते अर्ज कुठल्याशा फडताळात वाळवीच्या उपयोगी पडत होते.

अशात पुण्याहून एक प्रोफेसर आले. त्यांचे नाव लिहीत नाही. ते वारले, आणि त्यांचे चिरंजीव हल्ली मोठ्या हुद्द्यावर असतात. शाळाखात्याच्या अंमलदारांनी मला बोलावून घेतले आणि सांगितले की माझे अक्षर चांगले आहे आणि डोंगरातल्या वाटा मला माहीत आहेत, तेव्हा मी प्रोफेसरांबरोबर हिंडावे. त्यांचे काम मनासारखे झाले तर माझ्या अर्जाचा विचार होईल. मनासारखे कुणाच्या, ते त्यांनी सांगितले नाही. ते मला लवकरच कळले.

प्रोफेसरांचा एक सिद्धान्त होता. तान्हे मूल अंगावर पिताना ओठ मिटून जो आवाज करते, त्यातून 'म' निघतो, म्हणून जगातल्या प्रत्येक भाषेत आईच्या शब्दात 'म' असलाच पाहिजे. याच्या पुष्टीसाठी त्यांच्याकडे एक जाड वही होती. त्यात जगभरातले शब्द टिपलेले होते आणि ती वही सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचे काम माझे होते. पहिली पाने वाचून मीही तोंडात बोट घातले. पुढे मात्र गडबड सुरू झाली. जपान्यांत हाहा. गुजराथेत बा. तुळू लोकांत अप्पे. काकेशस पर्वताकडचे जॉर्जियन म्हणून लोक आहेत, ते तर आईला देदा म्हणतात आणि बापाला मामा म्हणतात. मी प्रोफेसरांना भाबडेपणाने विचारले की या लोकांची मुले काय बापाच्या अंगावर पितात? ते म्हणाले, "हे शब्द वेगळ्या पानावर घ्या." त्या पानाला त्यांनी 'ऱ्हास पावलेले शब्द' असे नाव दिले होते. सिद्धान्तात जो बसत नाही त्याचा ऱ्हास झालेला असतो, ही विद्येची पद्धत मला तिथे समजली.

त्या पानावर सगळ्यात वर होता आपला 'आई'. त्यात 'म' औषधालासुद्धा नाही. स्वतःच्याच मातृभाषेने असा दगा दिल्यामुळे प्रोफेसर बेचैन होते. त्यांचा कयास असा की 'आई' हे शहरी लोकांनी बिघडवलेले रूप आहे. डोंगरात जितके वर जावे तितका शब्द शुद्ध सापडेल, आणि सगळ्यात वरच्या वस्तीत 'म' असेल. तो शोधायला ते भोर-वेल्ह्यात आले होते, तट्टावर बसून, कातडी पेटी आणि छत्री घेऊन. मी पायी.

आता हा धंदा बाहेरच्यांना समजावा म्हणून सांगतो. शब्द गोळा करणे सोपे वाटते. माणसाला विचारायचे, तो सांगतो, आपण लिहायचे. पण कोट घातलेला माणूस विचारतो आहे म्हटल्यावर गावातला कुणीही आपल्या तोंडातला रोजचा शब्द सांगत नाही. त्याला वाटते, परीक्षा आहे. आंबवड्याला देवळातल्या पुजाऱ्याला विचारले, तर त्याने डोळे मिटून 'मातोश्री' म्हटले. प्रोफेसरांनी हर्षाने लिहून घेतले. इतक्यात पुजाऱ्याच्या पोराने परसातून हाक मारली, "आये, भूक लागली." ती हाक वहीत गेली नाही.

पालीला एका वीस माणसांच्या घरात गेलो. तिथली सगळी मुले मधल्या सुनेला काकी म्हणत होती. त्यात तिची स्वतःची चार होती. चुलत भावंडे काकी म्हणतात म्हणून तीही म्हणतात. आई म्हणायचे ते आजीला, आणि आजीला तिच्या लेकांनी जन्मात आई म्हटलेले नव्हते. ते तिला वैनी म्हणायचे, कारण तिचे दीर तसे म्हणायचे. हे आपल्याकडे घरोघर आहे. माझी आई अक्का झाली ती अशीच. प्रोफेसर म्हणाले, ही अज्ञानी लोकांची अव्यवस्था. मी सहज विचारले की पुण्याला आपण आपल्या मातोश्रींना काय म्हणता? त्यांनी छत्री उघडली आणि बंद केली. मग म्हणाले, "त्याचा इथे संबंध नाही." त्यांच्याच नोकराने संध्याकाळी सांगितले की साहेब आईला वहिनी म्हणतात. तेही वहीत गेले नाही.

पालीलाच एक ऐंशीच्या घरातला म्हातारा ओट्यावर घोंगडी पांघरून बसला होता. प्रोफेसरांनी त्याला विचारले की लहानपणी तू आईला काय म्हणून हाक मारायचास? म्हातारा बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "म्या कुठं हाक मारली? तीच मारायची." मला वाटते, तीन आठवड्यांत मिळालेले तेवढे एकच खरे उत्तर होते. त्यात 'म' नसल्यामुळे प्रोफेसर पुढे निघाले.

विचारून काम होत नाही हे पाहिल्यावर त्यांनी एक शास्त्रीय पद्धत काढली. दुखापत झाली की माणूस खोटे बोलत नाही. ठेच लागली, विंचू चावला की तोंडून आईच निघते, आणि जी निघते ती खरी. तेव्हा मुलांना चिमटे काढायचे. हे त्यांनी मला गंभीर चेहऱ्याने सांगितले आणि मी गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतले. पुढचे आठ दिवस पुण्याचा एक विद्वान गावोगाव मुलांच्या दंडाला चिमटे काढत फिरला, आणि एक मास्तर पेन्सिल घेऊन मागे उभा राहून ओरडणे टिपत गेला. 'आय गं', 'आये', 'आयंव', 'मेलो', आणि एका गावात प्रोफेसरांच्या स्वतःच्या आईसंबंधी एक वाक्य, जे मी टिपले नाही. 'म' फक्त 'मेलो'मध्ये सापडला.

मी हसत होतो असे समजू नका. हसण्याची उसंत नव्हती. 'म' सापडला नाही तर काम मनासारखे झाले नाही, आणि काम मनासारखे झाले नाही तर अक्का चुलीत हात घालीत राहणार. म्हणून एका संध्याकाळी, प्रोफेसर अगदीच उदास बसलेले पाहून, मी आपणहून म्हटले की माझ्या शाळेत एक मुलगी आहे, ती मारले तरी आई गं करत नाही. ती पासलीच्या वरच्या धनगरवस्तीतली आहे. त्याच्यावर वस्ती नाही, नुसता डोंगर आहे.

तिचे नाव धोंडी. मुलींची नावे पटावर दिसावीत असा वरून हुकूम होता, आणि माझ्या पटावर दिसायला ती एकटीच होती. सात वर्षांची, अंगाने काटक, रोज कोसभर उतरून यायची. बाकी सगळे शिकायची, पण 'आ' म्हणायची नाही. मी 'आ आईचा' असे मोठ्याने म्हणवून घ्यायचो. सगळी ओसरी ओरडायची आणि ही ओठ मिटून बसायची. वाचायला दिले की 'आई' आली तिथे थांबायची आणि पुढच्या शब्दावर उडी मारायची. मी छडी काढली. छडी बसली की प्रत्येक मूल आई गं करते. ही करायची नाही. ओठ दाबून माझ्याकडे बघत उभी राहायची. मला वाटायचे, ही सगळ्यांसमोर माझी अब्रू काढते आहे. मग आणखी एक बसायची. मास्तराच्या अहंकाराला सात वर्षांची मुलगी पुरते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो. भाताची कापणी होऊन गेली होती. खाली पासलीत झोडणी चालली होती आणि शाळा बंद होती. वस्ती म्हणजे चार गवती झापे, एक गोठा आणि म्हशी. धोंडीच्या घरी तिची आई ठकूबाई होती. उंच बाई, कपाळावर गोंदण, बोलायला कमी. तिने घोंगडी अंथरली, ताक दिले. प्रोफेसरांनी ताक बाजूला ठेवून धोंडीला जवळ घेतले आणि ठकूबाईकडे बोट दाखवून विचारले, ही तुझी कोण?

धोंडी म्हणाली, "मावशी."

प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहून विचारले की हिची आई कुठे आहे? मी म्हटले, हीच हिची आई. पटावर नोंद आहे, आणि हिला शाळेत घालायला हीच आली होती. प्रोफेसर घोंगडीवरून उठलेच. आईला मावशी! अगदी वरच्या वस्तीत, आणि पहिलेच अक्षर 'म'! ते मला संस्कृतातले काहीतरी समजावून सांगू लागले. मूळ शब्द मा, त्याची छटा इथे जिवंत राहिली, शहरात मेली. तट्टावरून आलेल्या माणसाला इतक्या वेगाने वही उघडताना मी पाहिले नव्हते. फक्त खात्री करून घ्यायची राहिली, म्हणाले. म्हणजे चिमटा.

ठकूबाईने मला खुणेने गोठ्याच्या मागे बोलावले. तिथे तिने जे सांगितले ते मी शक्य तितके तिच्या शब्दांत लिहितो.

"मास्तर, माजी चार गेली. येक बी वरसाचं झालं न्हाई. ही पाचवी. जल्मली तवा सुपात घालून भनीच्या पदरात टाकली, आन् पसाभर नाचणी दिऊन माघारी घेतली. ती माजी न्हाई, भनीची हाय. सटवीला कळाया नगं. लगनाच्या अक्षता पडंस्तवर तिनं मला आय म्हनायचं न्हाई. झोपंत न्हाई, तापात न्हाई. दोन सालामागं लई ताप आलता. तवा बी म्हनली न्हाई."

मी विचारले, मार बसला तरी?

"तुमी मारता तवा बी न्हाई. घरी यिऊन वळ दावती. म्या तेल लावती."

मला हे आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. माझा आवाज चढलेला असणार. चूक कळली की मास्तराचा आवाज चढतो.

"सांगितलं की बोललं जातं. बोललं की तिला ऐकू जातं." ती म्हणजे सटवी, तान्ही पोरे उचलून नेणारी. मग ठकूबाई म्हणाली, "त्या सायबास्नी सांगा, तिला दुकवू नगा म्हनावं. लेकरू हाय. कवातरी तोंडातनं निसटंल."

मी शिकलेला माणूस. सटवीवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्या बाईने सात वर्षे पोटच्या पोरीच्या तोंडून आई ऐकले नव्हते, आणि पोर जगली होती. यातले काही मला खोटे म्हणता येईना.

पुढे आलो तो प्रोफेसरांनी दोन चिमटे काढून झाले होते. धोंडीच्या दंडावर लाल डाग उठले होते आणि ती ओठ दाबून उभी होती. प्रोफेसर चिडले होते. एक उद्गार, फक्त एक उद्गार मिळाला की नोंद पक्की होते, असे ते म्हणाले. मग मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या हाताची हिला सवय आहे. तुम्ही बघा." आणि आपली वेताची काठी त्यांनी माझ्या हातात दिली.

मी खरे सांगू शकलो असतो. दोन वाक्यांचे काम होते: ही मावशी म्हणते ते नवसापोटी, तुमची नोंद चूक आहे. मग ती ओळ वहीतून गेली असती आणि तिच्याबरोबर माझी बदली गेली असती. प्रोफेसर माझ्याकडे बघत होते. अंमलदारांना काय सांगू, असे त्यांनी हळूच विचारलेही. मला माझ्या आईजवळ जायचे होते. म्हणून दुसऱ्या एका आईच्या देखत मी तिच्या पोरीला मारले. हळू मारले, असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. हळू नव्हते.

धोंडीने आईकडे पाहिले. तिचे ओठ सुटले. अक्षर बाहेर पडायच्या आधी मास्तराला दिसते, आणि तिच्या तोंडात मला 'आ' दिसला. तेवढ्यात मागून ठकूबाई बोलली. ओरडली नाही, घाईघाईने बोलली.

"मावशी म्हन. धोंडे, मावशी गं म्हन."

आणि पोर म्हणाली, "मावशी गं."

प्रोफेसरांनी तो उद्गार दोनदा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. आईने सांगितले तेव्हा पोर बोलली, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडले होते. पण जे घडते आणि जे पाहिजे असते यांत विद्वान माणूस गोंधळ होऊ देत नाही. खिशातून एक बत्तासा काढून त्यांनी धोंडीच्या हातावर ठेवला. ठकूबाईने माझ्याकडे पाहिले नाही. पाहुणे होते म्हणून तिने प्रोफेसरांच्या पुढे ताकाचे भांडे पुन्हा भरून ठेवले, आणि या खेपेला ते त्यांनी प्यायले.

धोंडी त्यानंतर शाळेत आली नाही. पटावरचे नाव मी कमी केले आणि कारणाच्या रकान्यात 'सतत गैरहजर' असे लिहिले.

माझी बदली महिन्याभरात झाली. अंमलदारांचा हुकूम मी अक्काला वाचून दाखवला. ती भिंत चाचपत आली, माझा चेहरा हाताने पाहिला आणि विचारले की इतक्या वर्षांनी कशी काय झाली? मी म्हटले, कामावर खूश झाले. ती म्हणाली, मला माहीत होते, तुझे काम चोख असते. चार वर्षे मी तिला करून घातले. त्यानंतर तिचा हात कधी भाजला नाही. या सगळ्या हिशेबात माझ्या बाजूने एवढेच लिहिता येईल.

पाच वर्षांनी प्रोफेसरांचे पुस्तकही निघाले. एक प्रत मला आली. जपानी, गुजराथी, तुळू आणि जॉर्जियन मंडळी शेवटी बारीक टायपात कोंबली होती. पालीचे घर नव्हते, म्हातारा नव्हता, चिमटे नव्हते. पण एका पानावर मोठ्या दिमाखात ओळ होती की भोरच्या डोंगराळ भागातील धनगरवस्तीत माता या अर्थी 'मावशी' हा प्राचीन शब्द अद्याप प्रचलित असून, वेदना होत असताना मुलांच्या मुखातून तोच बाहेर पडतो. खाली टीप होती: स्थानिक शिक्षकाच्या समक्ष पडताळले. मी पुस्तक ट्रंकेच्या तळाशी टाकले. वर्तमानपत्रातून त्याची स्तुती आली, ती लिहिणाऱ्यांपैकी कुणी पासलीचे नाव ऐकलेले नसावे.

त्यानंतर दोन वर्षांनी वस्तीवरचा एक गडी तूप घेऊन बाजाराला आला आणि माझे घर शोधत आला. धोंडीचे लग्न होते. ठकूबाईने सांगितले होते की मास्तरांनी यायचेच. मी काहीतरी सबब सांगणार होतो. तो म्हणाला, तिने सांगितले आहे की मास्तर सबब सांगतील, तरी आणा.

गेलो. धोंडी चौदाची झाली होती, उंची आईची घेतली होती. तिला दिले होते दोन डोंगरांपलीकडच्या वस्तीत. ठकूबाई मला मांडवाच्या कडेला भेटली. नवे लुगडे नेसली होती, आणि इतकी वर्षे न पाहिलेली एक गोष्ट तिच्या तोंडावर होती. ती चक्क हसत होती. म्हणाली, "तुमी तवा तेवढं बगितलंत. आता हे बी बगा." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

अक्षता पडल्या. बायकांनी धोंडीला मधे घेतले. ठकूबाईच्या बहिणीने सूप आणले, त्यात नाचणी होती. तिने धोंडीचा हात त्या सुपावरून ठकूबाईच्या हातात दिला आणि म्हणाली की घे गं, तुजी तुला. सगळ्यांना ठाऊक होते आता काय व्हायचे आहे. वाजंत्रीवाल्यांनी सनई खाली घेतली. ठकूबाई पोरीसमोर उभी राहिली. चौदा वर्षे ती या क्षणाची वाट पाहत होती, आणि वाट पाहणे किती मोठे असते ते मी त्या दिवशी तिच्या मानेच्या शिरांवर पाहिले.

धोंडीने तोंड उघडले. शब्द येईना. तिने पुन्हा उघडले. बायका हसल्या, म्हणाल्या, लाजती. कुणी तिला हळूच ढोसले. तिचे डोळे भरून आले आणि तिने मान खाली घातली. ठकूबाई म्हणाली की आसू दे, येल. असे म्हणून ती पंगतीचे बघायला गेली. पण मी पाहत होतो. वाढताना, भांडी उचलताना, ज्या बाजूला धोंडी असेल तिकडे तिचा कान होता. पंगती उठल्या. ऊन कलले. आले नाही.

वऱ्हाड निघाले. वस्तीवरून उतरायची वाट सगळी दगडगोट्यांची. धोंडीच्या पायांत नवी जोडवी, अंगावर जड लुगडे, डोळ्यांत पाणी. वीसेक पावले गेली असेल नसेल, तिला जबर ठेच लागली. नख निघाले असावे. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी पाय धरून ओरडली.

"मावशी गं!"

पुढे गेलेले थांबले. मागचे भोवती जमले. मी तिथे उभा होतो, आणि ट्रंकेच्या तळाशी पडलेली ती ओळ मला अक्षर न् अक्षर आठवली. वेदना होत असताना मुलांच्या मुखातून तोच बाहेर पडतो. लबाडीने लिहिलेले ते सगळे पुस्तक, आणि त्यातली हीच ओळ खरी निघावी. आधी त्या पोरीजवळ, काही लागले की तोंडातून काढायला शब्दच नव्हता, ती ओठ दाबायची. शब्द तिला मिळाला तो त्या दिवशी, अंगणात, माझ्या हातून. समक्ष पडताळलाही मीच.

ठकूबाई वरून धावत आली. लोकांना बाजूला सारून ती पोरीपुढे दगडांतच बसली, तिचा पाय मांडीवर घेतला आणि नव्या लुगड्याच्या पदराने रक्त टिपू लागली.

"व्हय गं बाय," ती म्हणाली, "हितंच हाय मी."